कापसाच्या रजईला पावसाळ्यानंतर कुबट वास येतो, घरी धुता येईल का?

अख्खी रजई पाण्यात बुचकळू नका. टाके उसवून खोळ तेवढी धुवा आणि कापसाला ऊन दाखवा. भिजलेल्या कापसाचे गोळे होतात, आतला थर दोन-दोन दिवस ओला राहतो आणि वास उलट जास्त धरतो. आमच्या घरी, यवतमाळकडच्या खेड्यात, दसरा झाला की हेच काम असते. कापूस अंगणात बाजेवर पसरायचा, म्हणजे सुंभाच्या विणीतून खालूनही वारा लागतो. दुपारी एकदा पालटायचा, काठीने हलके झोडपायचा (धूळ निघते ती बघाच!) आणि दव पडायच्या आत घरात घ्यायचा. असे तीन-चार दिवस. गाठी झाल्या असतील तर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या, रजई पुन्हा फुगते. नुसता डाग असेल तर त्या जागचा कापूस बोटांनी बाजूला सारून कापडच साबणाने चोळा. कापसावर काळी बुरशी दिसली, तर मात्र तो टाकूनच द्या. आणि हे सगळे कापसापुरते. जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा फायबरची रजई खुशाल धुवा.