जळलेल्या टेकडीवर पुन्हा जाताना

प्रश्न : ताई, सासवडजवळच्या टेकडीवर आमचा गट काही वर्षं झाडं लावतोय. यंदा फेब्रुवारीत वणवा लागला, बहुतेक रोपं जळाली. तेव्हापासून टेकडीकडे पाय वळत नाहीत. इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जावं म्हणतोय. ही पळवाट तर नाही ना?
– एक वाचक, सासवड

उत्तर : पळवाट कसली? जरूर जा. तिथे मौन पाळून अंगावरच्या संवेदना नुसत्या पाहायला शिकवतात. सुखाची धरायची नाही, दुखरी ढकलायची नाही. त्याच नजरेची आज तुमच्या टेकडीला गरज आहे. म्हणून शिबिराची वाट न पाहता एकदा वर जाऊन या, कुदळ-घमेलं न घेता.

ऊन तापायच्या आत जळलेल्या भागात जागा धरून अर्धा तास गप्प बसा. रडू आलं तर येऊ द्या. पाणी घालून जगवलेलं रोप गेलं की जीव तुटतोच. मग एकेका रोपाच्या बुडाशी वाका. वरून काळंठिक्कर पडलेल्या पळसाची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवी, ओलसर दिसली तर ते जिवंत आहे. साल सुकलेली असली तरी घाई नको. पळस, टेंभुर्णी मुळापासून पुन्हा फुटतात. अशा रोपांना चिंधी बांधून ठेवा. वणव्यानंतर सगळं उपटून ‘साफ’ करणारे गट मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

राहिला वणवा लावणाऱ्यांवरचा राग. गवत जाळलं की पुढचं जोमाने येतं, ही गुरं राखणाऱ्यांची जुनी समजूत. मन निवलेलं असलं की त्यांच्याशी भांडण न काढता बोलता येतं, आणि माझ्या मते ध्यानाचा खरा कस इथेच लागतो. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की ते कापून न्यायला त्यांनाच बोलवा. त्यांना वैरण मिळेल, टेकडीवर जळण्याजोगं कमी उरेल. रोपांची आळी मोकळी ठेवा. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, जानेवारीतच काढा. जमीन वनखात्याची असेल तर आधी त्यांना विचारा.

उन्हाळाभर टेकडीवर कुणीतरी नजर ठेवायला हवं, जूनपासून लागवड. तेव्हा शिबिराला नाव ऑगस्ट-सप्टेंबरातलं द्या.