जगप्रसिद्ध चित्रं छापलेले मग, ट्रे, अभ्रे भेट द्यावेत का?

तुम्ही विचारलंय की बहिणीच्या वास्तुशांतीला व्हॅन गॉगच्या 'तारांकित रात्री'चा मग आणि ट्रे, सोबत क्लिम्टच्या 'द किस'चे दोन अभ्रे द्यायचा विचार आहे. पण संग्रहालयातलं चित्र असं चहाच्या कपावर आणणं बरं दिसतं का, आणि ते टिकतं का? अमळनेरला आमचं मग, टीशर्ट, फोटोफ्रेम छापून देण्याचं लहानसं दुकान आहे, नऊ वर्षं झाली. माझं उत्तर ठाम आहे : जरूर द्या. फक्त कुठलं चित्र कुठल्या वस्तूवर शोभतं, ते पाहून द्या.

आधी बरं दिसण्याचं बोलू. माझ्या सासूबाईंच्या माहेरी देवघरात लक्ष्मीची तसबीर आहे, साडीवर जरीची तार आणि टिकल्या चिकटवलेली. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यांसाठी रंगवावीत तशी चित्रं शिळाछापाने सामान्यांच्या घरात पोचवली. पुढे तीच चित्रं कॅलेंडरांवर आली, काडेपेट्यांवर आली. आपल्याकडच्या घरांत थोर चित्रकाराचं चित्र आलं ते असं, छापील होऊन. त्याने चित्र हलकं झालं असं मला कधीच वाटलं नाही.

काही चित्रं तर मुळात छापण्यासाठीच जन्मली. होकुसाईची 'मोठी लाट' घ्या. सुमारे १८३१ सालची ही जपानी चित्रकृती लाकडी ठोकळ्यांवरून कागदावर छापलेली आहे. हजारो प्रती निघाल्या आणि सामान्य माणसाला परवडतील अशा विकल्या गेल्या. त्यामुळे तिची 'एकमेव मूळ प्रत' असं काही नाहीच, जगातल्या कितीतरी संग्रहालयांत ती आहे. आकारही केवढा, जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटर. ट्रेवर ती जवळजवळ मूळ मापात बसते. मगावर मात्र घोटाळा होतो. नेहमीच्या मगाला गुंडाळायचा कागद सुमारे २० बाय ९ सेंटिमीटरचा असतो. त्यावर लाट पूर्ण रुंदीने पसरवली तर उंचीचा तिसरा हिस्सा कापला जातो, आणि तो फुजी पर्वत, ज्याच्या देखाव्यांच्या मालिकेतलंच हे चित्र आहे, तो एवढासा होऊन जातो. मी गिऱ्हाइकाला सांगते, एका बाजूला लहान पण अख्खं चित्र छापून घ्या.

'द किस'बद्दल मात्र मी तुम्हाला थांबवीन. मूळ चित्र १९०७-०८ चं, व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेअर संग्रहालयात आहे, १८० सेंटिमीटरचा बरोबर चौरस. त्यामुळे चौकोनी अभ्र्यावर ते काहीही न कापता बसतं, हे खरं. पण त्यात सोन्याचा वर्ख लावलेला आहे. आमच्या मशीनमध्ये सोनं नसतं, असतात निळी, किरमिजी, पिवळी, काळी शाई. त्यांतून सोनं काढायला गेलं की हळदीचा डाग पडल्यासारखा तपकिरी पिवळा उमटतो. जळगावच्या सराफ्यात वाढलेल्या डोळ्याला हे लगेच कळतं. त्यात हे अभ्रे बहुतेक पॉलिस्टरचे, कारण ही छपाई सुती कापडावर धरतच नाही. आपल्या मे महिन्यात पॉलिस्टरवर डोकं टेकवून बघा. सोफ्यावर शोभेला ठीक, झोपायला नको.

'तारांकित रात्र' द्या. ती व्हॅन गॉगने जून १८८९ मध्ये फ्रान्समधल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना रंगवली. आकाश खिडकीतून दिसलेलं, खालचं गाव मात्र मनाने घातलेलं. आमच्या घरी तिचा ट्रे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा आल्या होत्या, सासूबाईंनी त्यात चहा मांडला आणि हात तसाच थांबवून म्हणाल्या, "हाई आभाय फिरी राह्यनं का व?" चित्राचं एक अक्षर माहीत नसताना त्यांना ते फिरतंय हे कळलं. मी मग त्यांना दवाखान्याचं, खिडकीचं सगळं सांगितलं. तेव्हापासून पाहुण्यांना ट्रे देताना त्या माणसाची गोष्ट त्याच सांगतात. रंगाचे जाड थर ट्रेवर येत नाहीत, हे नुकसान आहेच. पण मूळ चित्र जिथे आहे त्या न्यूयॉर्कला सासूबाई जाणार नव्हत्या, आभाळ त्यांच्याकडे आलं.

एक विनंती. परदेशी चित्रांसोबत अजिंठ्याचाही विचार करा. जळगावपासून साठेक किलोमीटरवर, आपल्या उंबऱ्यावरच ते आहे. पहिल्या-दुसऱ्या लेण्याच्या छतावर कमळं, हंस, हत्ती, फळं आहेत. छतभर पसरवायला काढलेली नक्षी असल्याने ती कापली तरी मोडत नाही, बशीच्या काठावरही शोभते. ही काही आजची कल्पना नाही. इंग्रज चित्रकार ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी १८७२ पासून तिथे नकला उतरवत होते, आणि त्या काळात त्याच शाळेत अजिंठ्याच्या वळणाची मातीची भांडी घडत होती. त्या नकलांपैकी पुष्कळ पुढे लंडनच्या आगीत जळाल्या. पद्मपाणी मात्र भिंतीवरच ठेवा. देव-बोधिसत्त्व उष्ट्या भांड्यांवर आणि पायपुसण्यावर मी छापत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी.

आता टिकण्याचं. मगावर शाई धरून ठेवणारा पातळ थर असतो, सुमारे १८० ते २०० अंशांना शाईची वाफ होऊन ती त्या थरात शिरते. थर चांगला तर रंग वर्षानुवर्षं राहतो. सुरुवातीला एका व्यापाऱ्याकडून स्वस्त मग घेतले, दोन महिन्यांत रंग उडाले आणि चाळीस गिऱ्हाइकांना मी बदलून दिले. तारेची घासणी लावू नका. ट्रे मेलामाइनचा असेल तर मायक्रोवेव्हमध्ये नाही, गरम कढई त्यावर नाही, आणि शेवभाजीची तर्री सांडली तर लगेच पुसा, रात्रभर राहिली की डाग बसतो.

स्वतः छापून घेणार असाल तर चित्र गूगलवरून कसंही उचलू नका. मगासाठी रुंदीला निदान २४०० पिक्सेल हवेत. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्यूझियम ही संग्रहालयं जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट देतात, होकुसाईची लाट मेट्रोपॉलिटनच्या संकेतस्थळावर मिळेल. मात्र हुसेन यांचं चित्र विचारू नका. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि ते २०११ ला गेले.

तुमच्या जागी मी असं करीन : तारांकित रात्रीचा ट्रे, लाटेचे दोन मग, अभ्रे रद्द. आणि डब्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी, चित्र कोणाचं, कोणत्या साली काढलं, मूळ कुठे आहे. बहिणीला पाहुणे विचारतीलच.