झोतवाऱ्याचा अभ्यास करायचाय? मग गणित सोडू नकोस

प्रिय विद्यार्थिनी,

तू निफाडहून लिहिलं आहेस, "२०१४ च्या गारपिटीत आमची द्राक्षबाग झोपली तेव्हा मी पहिलीत होते. आता बारावीत आहे. जेट स्ट्रीमचा अभ्यास करायचाय, पण गणिताची भीती वाटते. बी.ए.ला भूगोल घेतला तर चालेल का?"

भूगोल चांगलाच विषय आहे. पण तुला जे करायचंय, त्याची वाट भौतिकशास्त्र आणि गणितातून जाते.

का, ते सांगतो. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून, साधारण बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा झोतवारा, म्हणजेच जेट स्ट्रीम, हा अतिशय वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो. तो सरळ रेषेत जात नाही, नदीसारखी वळणं घेतो. एखादं वळण दक्षिणेकडे खोल उतरलं की वर थंड हवा येते. त्याच वेळी खाली समुद्रावरून बाष्प आलेलं असेल, तर गारांचे ढग उभे राहतात. या वळणांना रॉस्बी लहरी म्हणतात. पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यावरचा परिणाम अक्षांशागणिक बदलतो, त्यातून त्या जन्मतात. हवामानशास्त्रज्ञ रॉस्बी यांनी १९३९ साली हे समीकरणात मांडलं. कधी ही लहर जागीच अडते. २०१० च्या उन्हाळ्यात ती रशियावर अडली, तेव्हा मॉस्कोभोवती जंगलं पेटली आणि त्याच काळात पाकिस्तान पुरात बुडाला. लहर का अडते, किती दिवस अडेल, हे नकाशा पाहून कळत नाही. त्यासाठी कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागतं.

आपल्याकडेही या विषयाची मोठी परंपरा आहे. पावसाळ्यात भारतावरून उलट दिशेने, पूर्वेकडून वाहणारा झोतवारा भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली मांडला. मोसमी पावसाचा विचार आज त्याच्याशिवाय होत नाही.

म्हणून बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घे, गणित सोडू नकोस, जोडीला पायथन ही संगणकाची भाषा शीक. पुढचं शिक्षण पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागात किंवा कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात घेता येईल. संशोधन करायचं ठरलं, तर पुण्यात पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था निफाडपासून काही तासांवर आहे.

भीतीचं म्हणशील, तर अकरावीचं अवकलन पुन्हा पहिल्या उदाहरणापासून सोडव. रोज तासभर, घाई न करता. बहुतेकांचं गणित तिथेच कच्चं राहिलेलं असतं.

आणि या हिवाळ्यात हवामान खात्याच्या संकेतस्थळावर २०० हेक्टोपास्कल पातळीवरचा, म्हणजे साधारण त्याच बारा किलोमीटर उंचीवरचा, वाऱ्याचा नकाशा रोज पाहा. वळण कुठे आहे, ते वहीत काढ. महिनाभराने ती वही मला दाखव.