तिसरं वेड

"मॅडम, आधी गिटार झालं, मग स्केटिंग. आता हे तिसरं. हे तरी किती दिवस टिकणार, एवढंच सांगा."

वडील खुर्चीत नीट टेकायच्या आतच बोलले. आईने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. वीतभर उंचीचा मातीचा माकडासारखा प्राणी होता. एक हात खांद्यापासून तुटलेला, त्यातून तार बाहेर आलेली. पोलिसांनी पंचनाम्यात मुद्देमाल मांडावा तसा तो मांडला होता. ज्याने केला तो तेरा वर्षांचा कलाकार बाहेरच्या बाकावर बसला होता.

(मी समुपदेशक आहे, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माकड मात्र खरं आहे.)

आठ महिन्यांपूर्वी मुलाने टीव्हीवर १९३३ सालचा 'किंग काँग' पाहिला होता. कृष्णधवल, जुनाट, आजच्या मुलांना हसू यावं असा. याला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या तारा गायब व्हायला लागल्या. अभ्यासाच्या टेबलावर माती आली, टेबललॅम्प आला, आईचा जुना मोबाइल पुस्तकांच्या चवडीत उभा राहिला. त्या टेबलाला कुणी धक्का लावला की घरात रडारड. "एकच तुकडा चाळीस-चाळीस वेळा बघतो हो," आई म्हणाली. "पुढे काय होणार ते पाठ आहे, तरी." गणितात दहा मार्क कमी झाले होते. पलंगाखाली गिटार आणि स्केट्स धूळ खात पडले होते आणि वडिलांच्या मते आता शेजारी मातीचीही जागा ठरलेली होती.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत येतो. कुणाची मुलगी एक नृत्यपट बघून चवड्यांवर चालायला लागते. कुणाचा मुलगा व्हिडिओ गेममधलं पार्श्वसंगीत ऐकून चेलो मागतो. कधी पंचेचाळिशीचे गृहस्थ स्वतःच येतात आणि खालच्या आवाजात सांगतात की एक मालिका बघून चित्रं काढावीशी वाटतायत, या वयात हे बरं दिसेल का. प्रत्येकाला मनातून एकच विचारायचं असतं: ही आवड आहे की खूळ? आणि एका करमणुकीच्या गोष्टीवरून लागलेल्या ओढीवर विश्वास ठेवायचा की नाही?

पहिल्या भेटीत मी जे केलं ते आधी सांगते, कारण ते चुकलं.

मी मुलाशी दहा मिनिटं बोलले, तो फारसं बोलला नाही, आणि मी पाठ्यपुस्तकी तोडगा काढला. वेळ ठरवून द्या. दर आठवड्याला एक छोटी फिल्म पूर्ण करायचं ध्येय ठेवा आणि पूर्ण झाली की काहीतरी बक्षीस. वडिलांना हे फारच पटलं. त्यांनी त्यात स्वतःची भर घातली: फिल्म यूट्यूबवर टाकायची, हजार लोकांनी बघितली की नवा कॅमेरा.

पाच आठवड्यांत मुलाने मातीला हात लावणं बंद केलं.

वडिलांचा फोन आला, आवाजात 'बघा, म्हटलं नव्हतं' असा सूर. "संपलं, मॅडम. सुटलो." मी फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ सालचा प्रयोग मी पालकांच्या कार्यशाळांमध्ये कितीदा सांगितला असेल! बालवाडीतली मुलं, मनापासून चित्रं काढणारी. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना चित्र झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंग ठेवले तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं रंगांकडे बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड तशीच राहिली होती. म्हणजे घात केला तो सौद्याने. आणि इथे सौदा मीच सुचवला होता.

दुसऱ्या वेळी मुलाला एकट्याला बोलावलं. ते तुटक्या हाताचं माकड माझ्याकडेच राहिलं होतं, ते समोर ठेवलं आणि म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. तो चाळीस वेळा बघतोस तो तुकडा मला दाखव."

त्याने मोबाइलवर लावला आणि एका जागी थांबवला. "काँगच्या अंगावरचे केस बघा."

मी बघितले. केस हलत होते.

"वारा नाहीये," तो म्हणाला. "तिथे कुणीतरी बोटांनी धरलंय त्याला. प्रत्येक फोटोच्या आधी धरून थोडंसं हलवायचं, मग सोडायचं, मग फोटो. केस दर वेळी वेगळे दबतात. म्हणून ते असे सळसळतात." जरा थांबून म्हणाला, "तो माणूस दिसत नाही. पण त्याची बोटं दिसतात."

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत बसले. खरंच आहे ते. तो अजस्र प्राणी म्हणजे जेमतेम दीड फुटी बाहुली होती, आत धातूचा सांगाडा, वर सशाची फर. विलिस ओब्रायन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती तसूतसूने हलवली, आणि त्यांच्या बोटांची खूण फरवर कायमची उमटून राहिली. नव्वद वर्षांनी एका तेरा वर्षांच्या मुलाने ती बरोबर हेरली होती.

माझं उत्तर मला तिथे मिळालं. करमणूक म्हणून बघणारा 'पुढे काय होणार' विचारतो. आईच्या लक्षात आलं नव्हतं ते हे की मुलाने तो प्रश्न केव्हाच सोडून दिला होता. तो 'हे केलं कसं' विचारत होता. ज्या दिवशी प्रश्न बदलतो त्या दिवशी प्रेक्षक पलीकडे, करणाऱ्यांच्या बाजूला जातो. गिटारचं काय झालं होतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मला ते वाजवणारा माणूस व्हायचं होतं. वाजवायचं नव्हतं." तेरा वर्षांच्या तोंडून हे ऐकून मी वहीत लिहून ठेवलं.

मग त्याने मला हिशोब शिकवला. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी असतात, पण प्रत्येक फोटो दोनदा वापरला तर बारा पुरतात. दहा सेकंदांच्या चालण्याला एकशेवीस फोटो. एकशेदहाव्याला टेबल हललं तर पुन्हा पहिल्यापासून. "म्हणून मी ओरडतो," असंही त्याने सांगून टाकलं. दिव्याच्या उष्णतेने माती मऊ पडते. ॲल्युमिनियमची तार त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, बहुधा घोट्यात नाहीतर खांद्यात. दोन तारा एकत्र पिळून घेतल्या तर जास्त दिवस टिकतात. हे त्याने चार बाहुल्या मोडून शोधलं होतं.

आठवड्याला एक फिल्म, हे मी कुणाला सांगत होते?

नंतर आईवडील दोघांना बोलावलं आणि आधी माझी चूक कबूल केली. कॅमेऱ्याची बोली मागे घ्यायला सांगितलं. कॅमेरा द्यायचा असेल तर कधीतरी असाच द्या, नाहीतर देऊ नका. वडील म्हणाले, "पण पहिली दोन वेडं?"

इथे मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची आठवण करून दिली. ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून ते भारावले तेव्हा चाळिशीत होते. त्याआधी चित्रकला झाली, छायाचित्रण झालं, छपाईचा धंदा झाला, जादूचे प्रयोगसुद्धा झाले. त्या वेळच्या त्यांच्या नातेवाइकांनी किती वेडं मोजली असतील कोण जाणे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा त्यातलं एकही वाया गेलेलं नव्हतं. आणि त्याच्या आदल्या वर्षी, भांडवल मिळावं म्हणून त्यांनी काय करून दाखवलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा लावून थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत त्याचं रोप वाढताना दाखवलं. तत्त्व तेच, जे यांच्या घरी अभ्यासाच्या टेबलावर चाललं होतं. वडील पहिल्यांदा हसले. "म्हणजे मी भांडवल द्यायचं?"

"टेबल द्या," मी म्हटलं. "अर्धं. आणि त्याला धक्का लावू नका."

आवड ही तयार वस्तू आहे, शोधली की सापडते आणि खरी असेल तर आपोआप टिकते, ही समजूत मला मार्कांच्या धास्तीपेक्षा जास्त घातक वाटते. सुझान हिडी आणि ॲन रेनिंगर यांनी २००६ साली आवडीच्या वाढीचे चार टप्पे मांडले. पहिली ठिणगी बहुतेकदा बाहेरूनच पडते, एखादा सिनेमा, एखादी धून, एखादं पुस्तक. तिला आधार मिळाला तर ती टिकते, आणि पुष्कळ पुढे जाऊन ती माणसाची स्वतःची होते. मधल्या टप्प्यांवर ती विझू शकते, त्यात तिचा खोटेपणा सिद्ध होत नाही. २०१८ साली पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन यांनी विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरचा एक सुंदर ॲनिमेटेड व्हिडिओ दाखवला. बहुतेक सगळे भारावले. मग त्याच विषयावरचा किचकट लेख वाचायला दिला. 'आवड मुळातच असावी लागते' असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त घसरला. आवड वाढवावी लागते असं मानणारे त्या मानाने तग धरून राहिले.

हा किचकट लेख प्रत्येक कलेत येतो. पुढे अशाच हलत्या बाहुल्यांसाठी नावाजलेल्या रे हॅरीहाउझेनने 'किंग काँग' पाहिला तेव्हा तोही तेराच वर्षांचा होता, १९३३ सालीच. शाळकरी वयात त्याने आपली स्टेगोसॉरस या डायनोसॉरची बाहुली थेट ओब्रायनला नेऊन दाखवली. ओब्रायन म्हणाला, पाय सॉसेजसारखे दिसतायत, शरीररचना शीक. पोरगा जाऊन शरीररचना शिकला. १९४९ साली आलेल्या 'मायटी जो यंग'साठी त्याने ओब्रायनचा सहायक म्हणून काम केलं. १९६३ साली त्याने पडद्यावर सात सांगाडे तीन माणसांशी लढवले. काही मिनिटांच्या त्या लढाईला साडेचार महिने लागले. त्याच्या घरच्यांचं मला फार कौतुक वाटतं. वडील धातूकामातले कारागीर, ते मुलाच्या बाहुल्यांचे सांगाडे करून देत. आई कपडे शिवी. मुलाचं हे 'किती दिवस टिकणार' असं त्यांनीही एकमेकांना विचारलं असेल, पण विचारता विचारता कानशी चालवली.

काळजी कधी करायची तेही आईला सांगितलं, कारण तिचा प्रश्न रास्त होता. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड यांनी ध्यासाचे दोन प्रकार केले आहेत. एकात माणूस काम बाजूला ठेवू शकतो आणि पुन्हा आनंदाने उचलतो. दुसऱ्यात कामच माणसाला धरून ठेवतं, करताना सुख नाही आणि सोडलं तर चैन नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र सुटले, आणि एवढं करून चेहऱ्यावर समाधान नाही, असं दिसलं तर लगेच या. दहा मार्कांसाठी येऊ नका. त्यांचं बघता येईल.

मुलाने लगेच सुरुवात केली नाही. दोन महिने माती डब्यात पडून राहिली. वडील दर पंधरवड्याला मला मेसेज करत: 'अजून काही नाही.' मला खात्री होती असं म्हणणार नाही. बोलीवर केलेलं काम तोंडात कडवट चव ठेवून जातं, ती जायला किती वेळ लागेल हे कुणालाच सांगता येत नाही. मी त्याला बोलावून ओब्रायनचा आणि त्या सॉसेजसारख्या पायांचा किस्सा सांगितला. त्याने आपल्या माकडाचे पाय उलटसुलट करून बघितले, "हं" म्हणाला आणि माकड घेऊन गेला. बस एवढंच.

परवा वडिलांचा फोन आला. जवळजवळ वर्षाने. गणित सावरलं होतं, हे त्यांनी आधी सांगितलं.

"माकडाचं संपलं, मॅडम. आता मांजर. बिल्डिंगमधल्या मांजरीच्या मागे वही घेऊन फिरतो. चालताना तिचा मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशावर पडतो म्हणे, मला ओल्या फरशीवर नेऊन दाखवलं. पानंच्या पानं नुसते पाय काढलेत. शेपटी नाही, डोकं नाही." मग जरा दबक्या आवाजात, "हे चौथं वेड समजायचं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "हे तिसरंच आहे."