खरा ख्रिस्ती कोणाला म्हणायचं? नुसता बाप्तिस्मा घेतला की झालं का?

बाप्तिस्मा हे दार आहे. बहुतेक जुन्या चर्चेसमध्ये त्याला दोनच गोष्टी लागतात: पाणी, आणि ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला आधी बरेच महिने शिक्षण देतात आणि मग बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (विश्वास पक्का करणारा विधी) आणि ख्रिस्तप्रसाद (भाकरी व द्राक्षारसाचा पवित्र प्रसाद) एकत्रच देतात. बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्या लहान बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. आधी स्वतःच्या तोंडून विश्वासाची कबुली, मग पाण्यात पूर्ण बुडवणं.

विश्वासाचा गाभा एवढाच, की येशू देवाचा पुत्र आहे, तो वधस्तंभावर मेला आणि पुन्हा उठला. ‘येशू थोर गुरू होता’ एवढंच मानणारा त्याचा चाहता झाला, अनुयायी नाही.

नाव, पोशाख किंवा जेवण बदलण्याची अट नाही. मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. नाव नारायणच राहिलं.

लोक चुकतात ते पुढे. रविवारची उपासना चुकत नाही, पण भावाशी वर्षानुवर्षं अबोला. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, 5 व्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो: अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी भावाशी समेट कर. 25 व्या अध्यायात न्यायाची कसोटी आहे भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट. सत्कृत्यांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, विकत मिळत नाही, हेही खरं. पण बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात म्हटलंय, कृतीशिवाय विश्वास मेलेला.