वाचकांचे प्रश्न : पुळणीत रुतलेली गाडी, पट्टा आणि शॅकल

प्रश्न : दापोली तालुक्यात समुद्रालगत आमचे पर्यटकांसाठी घरगुती निवासस्थान आहे. सुट्टीच्या दिवसांत पाहुण्यांच्या गाड्या पुळणीत रुततात आणि माझ्या फोर बाय फोर जीपने त्या बाहेर काढण्याचे काम माझ्याकडे येते. आजवर मी होडीवरचा जुना नायलॉनचा दोर किंवा शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची साखळी वापरत आलो. गेल्या महिन्यात साखळी तुटून तिचा तुकडा माझ्याच जीपची मागची काच फोडून आत आला. सुदैवाने कोणाला लागले नाही. आता चांगला पट्टा घ्यायचा आहे. दुकानात ३ टनांपासून १२ टनांपर्यंतचे पट्टे मिळतात. सर्वांत जास्त टनांचा घ्यावा, हे बरोबर आहे का? पट्टा हुकाला जोडणारी पिनेची लोखंडी कडी, म्हणजे शॅकल, कोणत्या मापाचे घ्यावे?

उत्तर : सर्वांत जास्त टनांचा पट्टा घ्यावा, हे बरोबर नाही. पट्टा किती टनांना तुटतो यापेक्षा तो तुटण्याआधी किती ताणतो, हे आधी पाहावे लागते. तुमची साखळीही कमकुवत होती म्हणून तुटली असे नसून, ती ताणतच नव्हती म्हणून तुटली असावी.

हा हिशेब एकदा आकड्यांत पाहू. दोन टनांची जीप ताशी १५ किलोमीटर वेगाने पुढे गेली, मागची रुतलेली गाडी जागची हललीच नाही आणि जीपचा सगळा जोर पट्ट्यानेच पेलला, असे धरा. ८ टनांचा, ९ मीटर लांबीचा नायलॉनचा पट्टा तुटेपर्यंत साधारण २० टक्के लांबतो असे मानले, तर तो या धक्क्यात सुमारे ९० सेंटिमीटर ताणेल आणि दोन्ही गाड्यांच्या हुकांवर जास्तीत जास्त ४ टनांच्या आसपास ओढ येईल. त्याच जातीचा १२ टनांचा पट्टा घेतला, तर तो जाड असल्यामुळे कमी ताणेल आणि त्याच धक्क्याला ओढ जवळजवळ ५ टनांवर जाईल. म्हणजे जास्त पैसे मोजून तुम्ही हुकांवरचा भार वाढवलात. साखळी किंवा तारेचा दोर मात्र फार तर चार-पाच सेंटिमीटर सोडतो, आणि तेवढ्या अंतरात तीच जीप थांबवायची तर सरासरी ओढच ३५ टनांच्या घरात जाते. ती पेलणारा हुक कोणत्याही प्रवासी गाडीला नसतो, त्यामुळे त्याआधीच काहीतरी तुटून उडते.

यासाठी रूढ नियम असा, की दोन गाड्यांपैकी जी हलकी असेल तिच्या माणसे-सामानासह वजनाच्या दुप्पट ते तिप्पट तुटण्याची क्षमता पट्ट्याला असावी. तुमची जीप भरल्यावर दोन टनांची आहे असे धरले, तर तिच्याइतक्या किंवा तिच्याहून जड गाड्यांसाठी ५ ते ६ टनांचा नायलॉनचा पट्टा पुरेसा आहे. घेताना तो नायलॉनचाच आहे आणि झटक्याने ओढण्यासाठीच बनवला आहे, याची खात्री करा. त्याच्या शेजारीच टांगलेला, तशाच रंगाचा पॉलिएस्टरचा टोइंगचा पट्टा जेमतेम काही टक्के ताणतो. तो चालत्या गाडीला हळूहळू ओढत नेण्यासाठी आहे आणि त्याने झटका देणे म्हणजे साखळीच वापरण्यासारखे आहे.

होडीच्या दोराबद्दल एक गोष्ट घरीच तपासता येईल. त्याचा हातभर तुकडा बादलीतल्या पाण्यात चांगला भिजवून, दाबून त्यातली हवा काढा. तो तरीही तरंगत असेल तर तो नायलॉन नाही. आपल्याकडे कोणत्याही प्लास्टिकच्या दोराला नायलॉन म्हणण्याची रीत आहे, पण बंदरावरचे बरेचसे दोर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. बुडाला तरी तो किती वर्षे उन्हात होता आणि त्याने आजवर काय काय ओढले, हे कोणालाच ठाऊक नसते. होडी बांधण्याचे काम तो अजून करील. गाडी ओढण्यासाठी मात्र तो वापरू नये.

शॅकलच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ त्यावर कोरलेल्या आकड्याचा होतो. पट्ट्यावर छापलेला आकडा तुटण्याचा असतो, तर चांगल्या शॅकलवर कोरलेला आकडा सुरक्षित कामाच्या भाराचा असतो आणि ते तुटण्याचा भार त्याच्या बऱ्याच पटींनी, अनेक नामांकित शॅकलच्या बाबतीत सहापट, जास्त असतो. म्हणून ६ टनांच्या पट्ट्याला ४.७५ टनांचे शॅकल पाहून ते कमी पडेल असे समजू नका. १९ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे दुकानदार ज्याला पाऊण इंची म्हणतात त्या बो शॅकलवर नेमका हाच आकडा असतो, आणि तुमच्या कामाला तेच योग्य आहे. डी आकाराच्या शॅकलपेक्षा बो शॅकलचा पोटाकडचा भाग रुंद असल्याने पट्ट्याचा फासा त्यात चुरगळत नाही आणि ओढ थोडी तिरकी आली तरी ते सांभाळून घेते. तरीही तिरकी ओढ शक्यतो टाळा. ४५ अंशांच्या कोनात त्याची क्षमता सुमारे ७० टक्क्यांवर येते आणि काटकोनात निम्मी उरते. ज्यावर काहीच कोरलेले नाही ते शॅकल, मग ते कितीही जाडजूड दिसो, घेऊ नका. पिन हाताने पूर्ण आवळावी आणि मग पाव फेरा मागे घ्यावी. तशी घेतली नाही तर ओढल्यानंतर ती इतकी घट्ट बसते, की भरती वर चढत असताना कोणीतरी हातोडी शोधत फिरते. मी स्वतः एकदा असा फिरलो आहे.

आता पट्टा बांधायचा कोठे, हा प्रश्न. तुम्ही तो विचारला नाही, पण जीव जातात ते बहुधा येथेच. मागे ट्रॉली जोडण्यासाठी असलेल्या टो बॉलला पट्टा कधीही अडकवू नका. झटक्याने तो गोळा मानेतून तुटतो आणि तोफेच्या गोळ्यासारखा पट्ट्याच्या मागोमाग येतो. परदेशात अशाने माणसे दगावली आहेत. बंपर, एक्सल, सस्पेन्शनचे दांडे आणि वाहतुकीत गाडी ट्रकवर बांधण्यासाठी खाली ठेवलेल्या पातळ कड्या, यांपैकी काहीही चालणार नाही. चॅसीला बोल्टने पक्का बसवलेला, क्षमता लिहिलेला हुक हवा. पाहुण्यांच्या हॅचबॅक किंवा सेडानला असा हुक नसतो; जॅकच्या पान्यांबरोबर एक डोळ्यासारखी कडी मिळते, ती बंपरच्या झाकणामागे फिरवून बसवायची असते. अनेक गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, म्हणून बसली नाही तर जोर करू नका, दुसऱ्या बाजूने फिरवून पाहा. ही कडी झटका सोसण्यासाठी बनवलेली नाही. म्हणून छोट्या गाडीला झटका देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा गाडीसाठी आधी चाकांतली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चारही चाकांसमोरची वाळू फावड्याने उतार होईल अशी काढा, पोटाखाली वाळू टेकली असेल तर तीही उपसा, आणि पट्ट्यात अजिबात ढील न ठेवता जीप लो गिअरमध्ये घालून सावकाश ओढा. दहापैकी सात-आठ गाड्या एवढ्यावर निघतात असा माझा अनुभव आहे, आणि त्यातल्या काही तर हवा उतरवल्यावर पट्ट्याशिवायच. डांबरी रस्त्यावर जाण्यापूर्वी हवा भरण्यासाठी कंप्रेसर मात्र जवळ हवा. जड गाडीला झटका द्यायचाच असेल तर पट्ट्यात दोनेक मीटर ढील ठेवा, पहिला झटका चालण्याच्या वेगाच्या जरा वर द्या आणि मगच वेग वाढवा. पट्ट्याच्या मध्यावर ओले पोते किंवा जाड रजई टाका. बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, आणि ओढीच्या रेषेत कोणीही येणार नाही असे, बाजूला उभे करा. किनाऱ्यावर हेच सर्वांत अवघड काम असते.

एक पट्टा लांबीला अपुरा पडला तर दोन पट्टे मध्ये शॅकल घालून जोडू नयेत. पट्टा तुटल्यास तेच शॅकल उडते. एकाचा फासा दुसऱ्याच्या फाशातून ओवून घ्यावा आणि गाठ आवळून बसू नये म्हणून मध्ये गुंडाळलेले मासिक सरकवावे. आमचे जुने अंक या कामी उपयोगी पडले तर आम्हाला आनंदच होईल.

घाईच चुका करवते आणि घाई भरतीमुळे होते. म्हणून तिथीच्या पाऊणपटीचा जुना हिशेब लक्षात ठेवा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, पण हातात किती वेळ आहे ते त्यावरून कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीपेक्षा बरेच वर येते, तेव्हा गाडीपेक्षा माणसे आधी बाहेर काढा. वेळास आणि आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाळूखाली असतात. तेथे गाडी न्यायचीच नाही, हे पाहुण्यांना खोलीची किल्ली देतानाच सांगावे.

प्रश्न : गुहागरमधील आमच्या मित्रमंडळात दोराच्या सॉफ्ट शॅकलवरून वाद आहे. लोखंडी शॅकल आता कालबाह्य झाले का?

उत्तर : झाले नाही, पण वाळूत दोघांपैकी एकच घ्यायचे असेल तर मी सॉफ्ट शॅकल घेईन. डायनीमासारख्या धाग्याचे हे शॅकल मूठभर वजनाचे असते, पाण्यावर तरंगते आणि काही तुटलेच तर लोखंडाचा गोळा होऊन कोणाच्या डोक्यात बसत नाही. त्याचे वैरी दोन, धारदार कडा आणि उष्णता. हा धागा १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो, म्हणून सायलेन्सरजवळ तो नको. पत्र्यातून कापून काढलेल्या चपट्या हुकाची कड बोटाला बोचत असेल तर ती धाग्यालाही कापणार; तेथे लोखंडी बो शॅकलच लावावे. गोल दांड्याच्या हुकाला सॉफ्ट शॅकल उत्तम.

प्रश्न : बंद पडलेली गाडी कुंभार्ली घाटातून चिपळूणपर्यंत याच पट्ट्याने ओढत आणता येईल का?

उत्तर : नाही. ताणणारा पट्टा रस्त्यावर गाडीला मागेपुढे झुलवत राहतो. शिवाय रस्त्यावर ओढताना दोन गाड्यांमध्ये पाच मीटरांपेक्षा जास्त अंतर नसावे असा नियम आहे, आणि तुमचा पट्टा नऊ मीटरांचा. इंजिन बंद असताना ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतही जाते, त्यामुळे उतारावर मागची गाडी पुढच्या गाडीवर येण्याची भीती असते. घाटात सपाट फळीच्या टोइंग ट्रकलाच बोलवावे. गाडी ऑटोमॅटिक असेल तर तो केवळ सल्ला राहत नाही; चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास तेल न पोहोचल्याने गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो.

प्रश्न : पट्टा किती वर्षे टिकतो?

उत्तर : वर्षांवर काही नाही. खारे पाणी वाळले की मिठाचे कण आणि वाळू धाग्यांत बसतात आणि पुढच्या ओढीला आतून धागे कापतात. म्हणून प्रत्येक वापरानंतर पट्टा गोड्या पाण्यात भिजत घालून, खळबळून, सावलीत वाळवावा. ओला नायलॉन तसाही दहा-पंधरा टक्के कमजोर होतो. शॅकलची पिन काढून पुसावी आणि आट्यांना तेलाचा हात लावावा. शिवणीचे दोरे उसवले, कड फाटली किंवा कोठे वितळल्यासारखा कडक डाग दिसला, तर पट्टा बाद समजावा. बाद पट्टा टाकण्यापूर्वी सुरीने मधोमध कापून टाका. अख्खा ठेवलात तर तो गोठ्यातल्या खुंटीवर जाईल, आणि पुढच्या मे महिन्यात कोणीतरी तोच घेऊन पुळणीवर उभा असेल.