चार्टवरच्या रेघा आणि उतरण्याचं गणित

प्रश्न : मी इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे फक्त उपकरणांच्या आधारे विमान उडवण्याच्या परवान्याची, तयारी करते आहे. अरायव्हल चार्टवर (विमानतळाकडे येण्याच्या ठरलेल्या वाटेच्या नकाशावर) उंचीच्या आकड्यांना कधी खाली रेघ असते, कधी वर. अर्थ पाठ आहे, तरी सिम्युलेटरमध्ये मी पुढच्या फिक्सला (वाटेवरच्या ठरलेल्या बिंदूला) हमखास उंच पोहोचते. आणि कंट्रोलरने अरायव्हल दिला की लगेच उतरायला लागायचं का?

उत्तर : आकड्याखाली रेघ असली तर त्याच्या खाली जायचं नाही, वर रेघ असली तर त्याच्या वर राहायचं नाही. दोन्ही रेघा असल्या की नेमकी तीच उंची. इथवर तुमचं पक्कं आहे. चुकतं ते एकेक फिक्स सुटा वाचल्यामुळे.

समजा, पहिल्या फिक्सवर 14,000 ते 12,000 फुटांची मुभा आहे आणि 12 नॉटिकल मैलांवरच्या दुसऱ्या फिक्सवर बरोबर 10,000 फूट, वेग 250 नॉट (ताशी नॉटिकल मैल). तुम्ही 280 नॉटने 14,000 वरून निघालात. नियम कुठेच मोडला नाही, पण अडकलात! वेग कमी करायला साधारण तीन मैल सपाट उडावं लागतं, म्हणजे उरलेल्या नऊ मैलांत 4,000 फूट, मैलाला जवळपास 445. तीन अंशांच्या उतारावर मैलाला 318 फूटच उतरतात. पाठीमागून वारा असेल तर स्पीडब्रेकही (वेग मारणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) पुरत नाहीत. म्हणून पहिला फिक्स 12,000 च्या जवळ ओलांडा. चार्ट नेहमी शेवटच्या बंधनापासून मागे वाचत या.

आता क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरने दिलेली परवानगी. नुसता अरायव्हल मिळाला तर वाट मिळाली, उतरण्याची परवानगी नाही. आधी दिलेली उंची धरून ठेवायची. ‘डिसेंड व्हाया’ (या वाटेने उतरा) ऐकलं की उतरायचं, पण छापलेली प्रत्येक उंची आणि वेग पाळून. हा भेद मी विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतो. 1 डिसेंबर 1974 ला वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारं टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीचं फ्लाइट 514 अप्रोचचा (धावपट्टीकडे उतरण्याच्या शेवटच्या भागाचा) क्लिअरन्स मिळताच 1,800 फुटांकडे उतरू लागलं आणि माउंट वेदरच्या डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व 92 जण गेले. ती उंची वाटेच्या पुढच्या टप्प्यासाठी होती. जराही शंका आली तर कंट्रोलरला विचारा, रेडिओवर कितीही गर्दी असो.

आणखी एक. व्हीनॅव्ह (चार्टवरच्या उंची पाळत उतरवणारा ऑटोपायलटचा मोड) सोडून व्हर्टिकल स्पीडवर (नुसत्या ठरावीक दराने उतरवणाऱ्या मोडवर) उतरत असाल तर ऑटोपायलट चार्टवरची बंधनं बघत नाही. तेव्हा ऑटोपायलटच्या उंचीच्या खिडकीत शेवटची उंची न लावता पुढच्या फिक्सची लावा आणि तो ओलांडल्यावरच त्यापुढची.